कचेरी सुटल्यावरचे गाणे

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चौकाचौकांत गणपती बसतात आणि दुसऱ्याच दिवशी, पंचमीला, दिगंबर मंदिरात दशलक्षण पर्वास प्रारंभ होतो. दोन्हींची सांगता अनंत चतुर्दशीला. भाविकांच्या लेखी ही दोन निरनिराळी पर्वे आहेत. मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावातील पेटीवाल्याच्या आणि तबलजीच्या लेखी मात्र तो एकच, वर्षातील सर्वांत धावपळीचा हंगाम असतो. त्याआधी श्वेतांबर समाजाचे पर्युषण होऊन गेलेले असते आणि तेथे रात्रीच्या भावनेलाही बहुधा हीच मंडळी साथीला बसलेली असतात. सायंकाळी मंदिरात आरती आणि पूजेतील पदे, ती आटोपली की गणेश मंडळाच्या मांडवात भक्तिगीते, तेथून उठल्यावर एखाद्या वस्तीत भजन. तबल्याची पिशवी मोटारसायकलच्या टाकीवर आणि पेटी मागे बसलेल्याच्या मांडीवर, असा हा प्रवास दहा दिवस चालतो. रात्री दीड-दोनला घरी पोहोचलेला हा कलावंत सकाळी दहाला आपापल्या कामावर हजर असतो.

काम म्हणजे गाणे नव्हे, हे सांगावयास नकोच. कोणी कापडाच्या दुकानात मीटर घेऊन उभा असतो, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असतो, कोणी बाजार समितीत मापाडी, तर कोणी पतसंस्थेची पिग्मी गोळा करीत दारोदार हिंडणारा. कर्जाच्या अर्जात ‘व्यवसाय’ नावाचा एक रकाना असतो. शेती, नोकरी, व्यापार आणि शेवटी ‘इतर’. वर्षानुवर्षे पेटी वाजविणारा मनुष्यसुद्धा त्या रकान्यात ‘वादक’ असे लिहीत नाही. लिहिले तर पुढचा प्रश्न येतो तो उत्पन्नाच्या दाखल्याचा. बिदागी पाकिटातून येते. तिला पगारपत्रक नसते, खरेदी-विक्रीची बिले नसतात, आणि आषाढात ती जवळपास नसतेच. अधिकारी सहृदय असला तरी कागदावाचून त्याचा हात पुढे सरकत नाही. म्हणून हा मनुष्य दुकानातील पगार लिहितो, त्यावर कर्ज मिळवितो आणि त्यातूनच नवी पेटी घेतो.

या मुलखात साथ करावयाची म्हणजे एकाच प्रकारच्या गाण्यावर भागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी विदर्भाच्या गावोगाव अजून वाजते. सामुदायिक प्रार्थनेला बसणाऱ्यास ती चाल अंगवळणी पडलेली असावी लागते. हरिनाम सप्ताहात टाळ-मृदंगाच्या ठेक्याशी जमवून घ्यावे लागते. मंगरूळपीरला दर्गा आहे आणि उरुसात कव्वाली आहे. शेजारच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे आणि होळीला बंजारा तांड्यांवर लेंगी गाइली जाते. चौदा एप्रिलला भीमगीतांचे कार्यक्रम असतात, आणि महावीर जयंती त्याच्याच मागेपुढे येते. लग्नसराईत बँडपथकाला जादा माणूस लागतो तो वेगळाच. एकाच हाताने केहरवा वाजतो, पण प्रत्येक ठिकाणी त्याचे वजन निराळे पडते. हे कोणी शिकवीत नाही. बसून बसून येते.

जैन उत्सवांची साथ ही त्यातही जरा नाजूक गोष्ट. मंदिरातील पूजेला द्रव्य चढविण्याची एक लय असते; अर्घ्य चढेपर्यंत ओळ लांबवावी लागते आणि चढले की लगेच पुढे जावे लागते. स्थानकवासी परंपरेत तर वाद्येच नसतात; स्तवन केवळ कंठाने म्हणावयाचे. आपल्या आचार्यांनी संगीताकडे उपेक्षेने पाहिलेले नाही, याचे येथे सहज स्मरण होते. दिगंबर परंपरेतील पार्श्वदेवांचा ‘संगीतसमयसार’ आणि श्वेतांबर सुधाकलशांचा 1350 सालचा ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ हे ग्रंथ भारतीय संगीतशास्त्राच्या अभ्यासकांना आजही उघडावे लागतात. पण शास्त्राचा मान निराळा आणि गावातील पेटीवाल्याचे पोट निराळे.

“गाण्यावर पोट भरते का?” हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. तो विचारणारे आईवडील अरसिक असतात असे मुळीच नाही. त्यांना महिन्याचा हिशेब ठाऊक असतो, इतकेच. मुलगा गळ्याचा गोड असला तर त्याचे कौतुक होते, मंदिरात त्याला पहिले स्तवन म्हणावयास बसवितात आणि बारावी झाली की आधी नोकरी बघ म्हणून सांगतात. नोकरी करीत करीत गाणे खरोखर होते काय, की त्यात दोन्हींचे नुकसान होते, याचे उत्तर शोधावयास पुण्या-मुंबईला जाण्याची आवश्यकता नाही. मंगरूळपीरहून कारंजामार्गे निघालेली एस. टी. ज्या मूर्तिजापूरला पोहोचते, तेथेच 2 मे 1920 रोजी एक मूल जन्मले आणि पुढे त्याने आयुष्याची सुमारे चोवीस वर्षे हिशेबाच्या कचेरीत काढली. ते म्हणजे डॉ. वसंतराव देशपांडे.

वसंतरावांचा जन्म झाला तेव्हा वाशीम हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. जुना वाशीम जिल्हा 1905 साली मोडला होता आणि नवा जिल्हा 1998 साली अस्तित्वात यावयाचा होता. मधल्या त्या काळात मंगरूळपीर आणि मूर्तिजापूर ही दोन्ही अकोला जिल्ह्यातलीच गावे. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण यांच्या जुन्या मंदिरांमुळे जैन समाजाला पूज्य असलेले कारंजाही त्याच जिल्ह्यात होते. मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे जंक्शन. तेथून कारंजा व दारव्ह्यावरून यवतमाळकडे जाणारी छोटी गाडी ‘शकुंतला’ या नावाने दोन-तीन पिढ्यांच्या आठवणीत आहे. ती आता बंद आहे. याच परिसरात गाडगेबाबांचे कीर्तन गावोगाव घडले आणि मूर्तिजापुरात त्यांनी गोरक्षणाचे कार्य उभे केले. म्हणजे वसंतराव जन्मले ती भूमी नाट्यगृहांची नव्हे, भजन-कीर्तनाची होती.

मूर्तिजापुरात मात्र ते फार काळ राहिले नाहीत. आई त्यांना घेऊन नागपूरला आली आणि तिने एकटीने त्यांना वाढविले. शंभर वर्षांपूर्वी एका स्त्रीने सासरच्या आधारावाचून शहरात बिऱ्हाड करावे आणि वर मुलाला गाणे शिकवावे, ही गोष्ट सोपी नव्हती. वसंतरावांच्या चरित्रात गुरूंची नावे पुष्कळ येतात. त्या सर्वांच्या आधी या माउलीचे नाव घ्यावयास हवे. नागपुरात शंकरराव सप्रे यांचे श्रीराम संगीत विद्यालय होते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी जी शिस्तबद्ध शिक्षणपद्धती रुजविली, तिच्यातले हे विद्यालय. पुढे सी. रामचंद्र या नावाने चित्रपटसृष्टीत गाजलेले रामचंद्र चितळकरही सप्रे यांच्याकडेच शिकले. वसंतरावांच्या गळ्याची कीर्ती भालजी पेंढारकरांच्या कानी गेली आणि 1935 च्या ‘कालियामर्दन’ या चित्रपटात हा मुलगा कृष्ण झाला. बालवयात पडद्यावर आलेल्या मुलांचे पुढे काय होते, हे आपण जाणतोच. वसंतरावांच्या बाबतीत त्या चित्रपटाने पुढचा मार्ग उघडला नाही. प्रसिद्धी आली तशी गेली आणि मुलगा पुन्हा शिकावयास बसला.

त्यानंतर लाहोर. मामांमुळे वसंतराव तेथे गेले आणि असद अली खाँ यांच्याकडे शिकले. या गुरूंनी त्यांना एकच राग शिकविला, मारवा, असे सांगतात. मारवा हा सायंकाळचा, मोठा अवघड राग. त्यात पंचम नाही, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि षड्ज, जो गाणाऱ्याला घरासारखा, त्याच्यावरसुद्धा फार वेळ थांबावयाचे नाही. बाहेर राहून घराचा रस्ता दाखवीत राहावयाचे, असे त्याचे चलन आहे. पुष्कळ राग थोडेथोडे शिकविण्याऐवजी एकच राग पुरता आत उतरविणे ही जुनी तालीम. तिचा लाभ असा की, स्वरांचे परस्परांशी असलेले नाते एकदा कळले म्हणजे बाकीचे राग स्वतः शोधता येतात. वसंतरावांनी पुढे आयुष्यभर तेच केले.

पुढचा मुक्काम पुणे. चाळीसच्या दशकाच्या आरंभी तेथे मिलिटरी अकाउंट्समध्ये त्यांना कारकुनी मिळाली. महायुद्धाचा काळ होता, लष्कराचा पसारा वाढत होता आणि हिशेब ठेवणाऱ्यांची भरती होत होती. ज्यांनी सरकारी हिशेबखात्यात किंवा बँकेत आयुष्य काढले, त्यांना त्या कचेरीचे वर्णन करून सांगावयास नको. सकाळी मस्टरवर सही, दिवसभर देयके, पावत्या, आक्षेप आणि त्यांची उत्तरे. मार्च आला की रात्रीपर्यंत बसणे. किरकोळ रजा मोजकी. शनिवारी अर्धा दिवस, म्हणून बैठक ठरवावयाची ती शनिवारी रात्री. आणि त्या काळच्या बैठका आजच्यासारख्या साडेनऊला संपत नसत. उत्तररात्री ललत किंवा पहाटे भैरवी झाल्यावर तंबोरे गवसणीत जात. रविवारी बैठक असली तर सोमवारी सकाळी मस्टरवरची सही चुकत नसे. हा एका माणसाचा नव्हे, नोकरी करून गाणाऱ्या सगळ्यांचाच दिनक्रम होता. वसंतरावांनी तो सुमारे चोवीस वर्षे पाळला.

या चोवीस वर्षांचा हिशेब कसा मांडावयाचा, यावर रसिकांत दोन मते आहेत. एक मत असे की, एवढा मोठा गवई फायलींत कुजला. ती वर्षे त्याला गाण्यासाठी मिळाली असती तर आणखी काय घडले असते! हे मत ऐकावयास बरे वाटते. परंतु त्या वर्षांची जमेची बाजूही पाहिली पाहिजे. पुण्यात नोकरी होती म्हणूनच वसंतरावांना सुरेशबाबू माने यांच्याकडे शिकता आले. सुरेशबाबू म्हणजे किराणा घराण्याचे प्रवर्तक अब्दुल करीम खाँ यांचे पुत्र आणि हिराबाई बडोदेकरांचे बंधू. अत्यंत सुरेल, आणि शिकविण्यात उदार. त्यांच्याखेरीज भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ, त्याच परंपरेतील अंजनीबाई मालपेकर आणि ग्वाल्हेर गायकीचे, अनवट रागांचे भांडार असलेले रामकृष्णबुवा वझे या सर्वांकडून त्यांनी घेतले. ज्याला गाण्यावर घर चालवावयाचे असते, त्याला एका घराण्याचे नाव धरून राहणे भाग पडते; तेच नाव त्याचे भांडवल असते, आणि उस्ताद बदलला की ते बुडते. पगार पहिल्या तारखेला येत असल्यामुळे वसंतरावांना ही भीती नव्हती. त्यांना जेथे जे आवडले तेथून ते घेता आले. कचेरीने त्यांचा वेळ घेतला, आणि ही मोकळीक दिली.

आपल्या परंपरेतील वाचकांना येथे नयवाद आठवला तर नवल नाही. प्रत्येक नय वस्तूची एक बाजू खरी सांगतो. मात्र तीच एक खरी असे म्हणू लागला की तो दुर्नय होतो. घराण्यांचे नेमके असेच आहे. किराण्याने स्वराला मोठे केले, भेंडीबाजाराने सरगमचे नाना खेळ सिद्ध केले, ग्वाल्हेरने बंदिशीची मांडणी शिकविली. प्रत्येकाचे म्हणणे खरे; भांडण होते ते ‘हेच’ या शब्दावरून. तुमचे घराणे कोणते, असे विचारले असता आमचे घराणे आमच्यापासूनच सुरू होते, अशा अर्थाचे उत्तर वसंतराव देत, असे सांगतात. या उत्तरात अहंकार दिसणाऱ्यांना तो दिसो. चार-पाच गुरूंपुढे वाकलेल्या माणसाला कोणा एकाचे नाव सांगून बाकीच्यांचे ऋण नाकारावयाचे नव्हते, असाही त्याचा अर्थ लागतो आणि तो अधिक पटतो.

एक प्रभाव मात्र या सर्वांहून खोल होता. मास्टर दीनानाथ मंगेशकर. दीनानाथ 1942 साली अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांचे गाणे म्हणजे वीज: अनपेक्षित ठिकाणाहून उठणारी तान, सुरांच्या मोठ्या उड्या, क्षणात बदलणारा भाव. बालगंधर्वांच्या मृदु, लडिवाळ गायकीने महाराष्ट्र भारलेला असताना दीनानाथांनी ही दुसरी वाट दाखविली. तिच्यावरून जाणारे थोडे, कारण ती गळ्याला झेपणे कठीण. वसंतरावांनी ती झेलली. त्यांची तान सरळ रेषेत जात नाही. ती वळते, अडखळल्यासारखी भासते आणि समेवर अशी येते की ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘अहाहा’ निघून जावे. याला आणखी एक कारण होते. वसंतरावांचा तबल्यावर हात होता. लयीचा हिशेब त्यांच्या अंगात मुरलेला होता. आणि हिशेब जमत असल्याखेरीज असली मुशाफिरी करता येत नाही.

पुण्याच्या वास्तव्यात आणखी एक लाभ झाला, तो पु. ल. देशपांडे यांच्या मैत्रीचा. पु. ल. स्वतः उत्तम पेटी वाजवीत आणि वसंतरावांचे गाणे कोणत्या तोलाचे आहे हे त्यांनी फार आधी ओळखले. पु. लं.च्या 1953 च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटात वसंतरावांचा स्वर आहे. मित्राने नोकरी सोडून केवळ गावे, असा आग्रह त्यांनी धरला. पण आग्रह धरणे सोपे असते. घरात माणसे होती, महिन्याचा खर्च होता आणि नोकरीच्या अखेरीस मिळणारे निवृत्तिवेतन होते. नोकरदाराच्या घरात ‘अजून पाच वर्षे काढू’ हे वाक्य जितक्या वेळा उच्चारले जाते, तितके दुसरे कोणतेही नसेल.

शेवटी निर्णय घडविला तो बदलीने. वसंतरावांची बदली नेफामध्ये झाली. आजच्या अरुणाचल प्रदेशात, देशाच्या अगदी टोकाला. बदलीचा हुकूम निघतो तेव्हा त्यावर नाव, पद आणि हजर होण्याची तारीख असते. हा माणूस शनिवारी रात्री काय करतो, त्याची नोंद सेवापुस्तकात नसते. तेथे ना मैफल, ना साथीदार, ना ऐकणारे. जी नोकरी आजवर गाण्याच्या आड न येता त्याला टेकू देत होती, तिने गाणेच काढून घेतले. तेथून परतल्यानंतर, साठच्या दशकाच्या मध्यास, वसंतरावांनी नोकरी सोडली. वय पंचेचाळिशीचे. या वयात इतर लोक घर बांधावयास काढतात.

यानंतर जे घडले ते मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. 24 डिसेंबर 1967 रोजी ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे, पेशाने शिक्षक, सर्वांचे ‘मास्तर’. ज्यांच्या आडनावातच मंगरूळपीरच्या पलीकडील दारव्ह्याचे नाव आहे. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे, संस्था ‘नाट्यसंपदा’, आणि कविराज बांकेबिहारीच्या भूमिकेत स्वतः प्रभाकर पणशीकर. पंडित भानुशंकरांची भूमिका भार्गवराम आचरेकरांची, सदाशिव झाले प्रसाद सावकार. वसंतराव झाले खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले.

खाँसाहेबांची भूमिका म्हणजे घराण्याच्या अभिमानाची शोकांतिका. आपली विद्या घराबाहेर जाऊ नये म्हणून हा मनुष्य झुरतो, दुसऱ्याच्या गाण्याचा द्वेष करतो आणि तरीही खऱ्या सुरापुढे विरघळतो. सदाशिवला त्याच्या दारी चाकर बनून, लपून गाणे ऐकावे लागते. ही भूमिका कोणी केली? ज्याला एकाही घराण्याच्या दारावर अडविले नाही, ज्याने जेथून मिळेल तेथून गाणे घेतले, त्याने. वसंतरावांनी दारात उभ्या असलेल्या सदाशिवची भूक आतून जाणली होती, म्हणूनच त्यांचा दार लावून घेणारा खाँसाहेब इतका खरा वाटला असावा. नट म्हणून शिकलेला नसलेला हा गृहस्थ रंगमंचावर उर्दू वळणाचे संवाद बोलू लागला की प्रेक्षागृह स्तब्ध होई, असे जुने प्रेक्षक अजूनही सांगतात. लोकांना वसंतराव देशपांडे हे नाव खऱ्या अर्थाने कळले तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते.

नंतरची वर्षे भरभरून गेली. मैफली, नाट्यप्रयोग, रागदारी, ठुमरी, नाट्यगीत, भावगीत. 1979 च्या ‘अष्टविनायक’ चित्रपटात ते पित्याच्या भूमिकेत दिसले आणि त्यातील मुलीच्या पाठवणीचे गाणे त्यांनी गाइले. आज विदर्भातील कोणत्याही लग्नात, मग मंगरूळपीर असो वा मूर्तिजापूर, पाठवणीच्या वेळी बँडवाला सनईच्या सुरात ते गाणे काढतो आणि वरमाईसुद्धा पदर डोळ्यांना लावते. वाजविणाऱ्यास गायकाचे नाव ठाऊक असतेच असे नाही, आणि तो आपल्याच जुन्या जिल्ह्यातला होता हे तर बहुधा ठाऊक नसतेच. 1982 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 30 जुलै 1983 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आकडे मांडावयाचे तर असे दिसतात: आयुष्य त्रेसष्ट वर्षांचे, त्यात नोकरीची सुमारे चोवीस वर्षे आणि केवळ गाण्याची सतरा-अठरा. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करून काय बाकी उरली, हे सांगणे हिशेबनिसालाही जमणार नाही. नोकरी करीत गाणारे ते काही एकटे नव्हते. भावगीतगायक अरुण दाते हे वस्त्रोद्योगातील अभियंता होते. नाट्यगीतांसाठी प्रसिद्ध असलेले रामदास कामत विमान कंपनीत अधिकारी होते. मराठी माणसाला गाण्याची आणि निवृत्तिवेतनाची दोन्हींची ओढ असते, असे कोणी म्हटले तर त्यात थट्टा थोडी आणि सत्य अधिक आहे. फरक इतकाच की वसंतरावांनी एका टप्प्यावर दुसरी ओढ सोडून दिली.

नागपूरने आपल्या या मुलाचे स्मरण ठेवले आहे. तेथील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह कोणाही रिक्षावाल्यास ठाऊक असते आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रातर्फे त्यांच्या स्मृत्यर्थ संगीत समारोह भरविला जातो. नातू राहुल देशपांडे यांनी ‘कट्यार’ पुन्हा रंगमंचावर आणले आणि आजोबांच्या जीवनावरील ‘मी वसंतराव’ या 2022 साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटात त्यांची भूमिका स्वतःच केली. त्यातील गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट पाहून पुष्कळांना प्रथमच कळले की हा गवई मूर्तिजापूरचा. मंगरूळपीरहून नागपूरच्या त्या समारोहास जाणारे दोन-चार जण दरवर्षी निघतात, पण रात्री परतण्याची सोय नसल्याने मुक्कामाचा खर्च धरावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी कामाचा खाडा.

मंगरूळपीरच्या पेटीवाल्यासमोर आज जो प्रश्न आहे तो वसंतरावांसमोर नव्हता. वसंतरावांची नोकरी त्यांचा वेळ घेत होती. आजच्या साथीदाराचे कामच दुसरा घेतो आहे. कीबोर्डमध्ये तबल्याचा ठेका तयार असतो, मोबाइलमध्ये तंबोरा, आणि गाण्याचा ‘ट्रॅक’ लावला की गायकाला माणसांची गरज उरत नाही. मोठ्या विधानांना व पंचकल्याणक महोत्सवांना बाहेरगावचा संगीतकार आपला संच घेऊन येतो. स्थानिक तबलजीला त्या दिवशी श्रोत्यांत बसावे लागते. समितीच्या दृष्टीने ते सोयीचे असते, यात शंका नाही. एकाच माणसाशी बोलणे, एकच रक्कम, आवाजही मोठा. पण वर्षातील उरलेल्या दिवशी, रोजच्या आरतीला, कोणाच्या घरच्या शांतिधारेला, एखाद्या वृद्धाच्या समाधिमरणाच्या वेळी णमोकाराला सूर धरावयास, जो बोलाविल्यासरशी पायी येतो, तो गावातलाच असतो. त्या मोठ्या दिवशी व्यासपीठाच्या कडेला त्याच्यासाठी एक बैठक आणि पत्रिकेत एक ओळ, एवढे करणे कोणत्याही समितीला अवघड नाही. बिदागी पाकिटाऐवजी बँक खात्यात दिली तर त्याच्या कर्जाच्या अर्जाला एक कागदही मिळेल. उत्पन्नाचा पुरावा असाच तयार होतो. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मासिक मानधनाची योजना आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतास तिचा लाभ मिळू शकतो. मात्र अर्जासोबत कलेच्या क्षेत्रातील कार्याचे पुरावे जोडावे लागतात. चाळीस वर्षे मंदिरात पेटी वाजविली याचा पुरावा कोण देणार? मंदिराच्या विश्वस्तांनी शिक्क्यासह एक पत्र दिले तर तो पुरावा होतो.

अनंत चतुर्दशीला दुपारी अभिषेक होतो, रात्री गणपती विसर्जनास निघतात. ढोल-ताशांच्या गजरात पेटीला काम नसते, म्हणून त्या रात्री पेटीवाला लवकर झोपतो. मग क्षमावाणीचा कार्यक्रम येतो. सर्व जण एकमेकांस क्षमा मागतात, व्यासपीठावरून कार्यकर्त्यांचे आभार मानले जातात, पेटीवाल्याला श्रीफळ आणि पाकीट मिळते. ते खिशात घालून तो पेटीचा भाता मिटवितो, कडी लावतो आणि पेटी कोपऱ्यात सरकवून ठेवतो. उद्या आठवडी बाजार आहे, दुकान अर्धा तास आधी उघडावयाचे आहे.